बेटावरची लाईट: दिवसाचं ऊन रात्रीसाठी राखून कसं ठेवायचं?

आपल्याकडे लाईट गेली की पहिला प्रश्न असतो, ‘कधी येणार?’ लक्षद्वीपच्या बेटांवर प्रश्न वेगळा असतो, ‘डिझेल आहे ना?’ कारण तिथे मोठ्या शहरातून तारा ओढून आणलेली वीज नाही. भारताच्या ग्रीडपासून ही बेटं शेकडो किलोमीटर दूर, भर समुद्रात आहेत. प्रत्येक बेटाचं आपलं छोटं वीजघर आहे आणि ते वर्षानुवर्षं डिझेल जनरेटरवर चालत आलं आहे.

लक्षद्वीपमध्ये एकूण 36 बेटं आहेत, त्यातल्या 10 बेटांवर वस्ती आहे. सगळी जमीन मिळून फक्त 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64 हजारांच्या वर होती आणि त्यातले 96 टक्क्यांहून अधिक लोक मुस्लिम. पाच वेळची अजान, पिण्याचं पाणी, मासळीसाठी बर्फ, दवाखान्यातला फ्रीज, मुलांचा अभ्यास, सगळं त्या जनरेटरच्या आवाजावर अवलंबून. म्हणून ‘बेटांवर सौरऊर्जा’ हा विषय आम्हाला फक्त पर्यावरणाचा वाटत नाही. तो घर चालवण्याचा प्रश्न आहे. आणि तो सोडवायला एक-दोन वर्षांचा नाही, वीस-पंचवीस वर्षांचा विचार लागतो.

डिझेलचा हिशोब

एक लिटर डिझेल जाळल्यावर चांगला जनरेटर साधारण सव्वातीन ते साडेतीन युनिट वीज देतो. म्हणजे डिझेलचा भाव नव्वद रुपये धरला, तर फक्त इंधनाचाच खर्च युनिटमागे पंचवीस रुपयांच्या पुढे जातो. त्यात जहाजाचं भाडं, साठवण आणि मशीनची देखभाल वेगळी. घराघरात येणारं बिल एवढं नसतं, कारण मधला फरक सरकार भरतं. पण तो पैसा शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातोच.

दुसरी अडचण पावसाळ्याची. मे महिन्याच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत समुद्र खवळलेला असतो, लहान मालवाहू जहाजं बंद असतात. त्यामुळे डिझेलचा साठा आधीच करून ठेवावा लागतो. कोकणात आपल्या आज्या पावसाळ्याआधी तांदूळ, सुकी मासळी, मीठ, लाकडं भरून ठेवायच्या, अगदी तसाच प्रकार. फरक एवढाच की इथे पिंपात भरलेलं डिझेल सांडलं, तर खाली प्रवाळ आहे आणि गोड्या पाण्याचा पातळ थर आहे. बेटावरची विहीर एकदा खराब झाली की दुसरं गाव शेजारी नसतं.

कवरत्तीचा प्रकल्प: दोन आकडे नीट समजून घेऊ

3 जानेवारी 2024 रोजी राजधानीच्या कवरत्ती बेटावर बॅटरी जोडलेल्या सौरप्रकल्पाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. लक्षद्वीपमधला असा हा पहिलाच प्रकल्प. त्याची क्षमता 1.7 मेगावॅट आणि बॅटरीची साठवण 1.4 मेगावॅट-तास. आयुष्यभरात सुमारे 190 लाख लिटर डिझेल आणि 250 कोटी रुपये वाचतील, असं त्या वेळी सांगितलं गेलं.

हे आकडे खरे वाटतात का? आपणच पडताळून पाहू. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅटचं पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला साधारण चार युनिट देतं. 1.7 मेगावॅट म्हणजे 1,700 किलोवॅट. तर रोजचे झाले 6,800 युनिट आणि वर्षाचे जवळजवळ 25 लाख युनिट. एवढी वीज डिझेलवर काढायला सुमारे साडेसात लाख लिटर लागलं असतं. त्याला 25 वर्षांनी गुणलं की 190 लाख लिटरच्या जवळच उत्तर येतं. म्हणजे हिशोब जुळतो, पण कधी? प्रकल्प पूर्ण 25 वर्षं नीट चालला तरच.

आता दुसरा आकडा. 1.4 मेगावॅट-तास म्हणजे 1,400 युनिट. दिवसभराच्या 6,800 युनिटच्या मानाने हा फक्त पाचवा हिस्सा. याचा अर्थ सरळ आहे: या बॅटरीवर अख्खी रात्र निघणार नाही. मग ती कशासाठी?

साठवणीची दोन कामं

बॅटरीचं पहिलं काम धक्का सांभाळण्याचं. छोट्या बेटावर एक मोठा ढग आला की सगळी पॅनेलं एकदम झाकली जातात. मुंबईत एका भागावर ढग आला तर बाकीचा महाराष्ट्र सांभाळून घेतो, बेटाला सांभाळणारं दुसरं कुणी नसतं. जनरेटर चालू होऊन वेग धरेपर्यंतची काही मिनिटं बॅटरी पुढे होते. ती नसेल तर ढगाच्या भीतीने जनरेटर सतत चालूच ठेवावा लागतो आणि सोलर असूनही डिझेल जळत राहतं.

दुसरं काम दुपारचं ऊन रात्रीकडे नेण्याचं. त्याला कितीतरी मोठी बॅटरी लागते. प्रशांत महासागरात अमेरिकन सामोआचं ताऊ नावाचं बेट आहे, वस्ती हजाराच्या आत. तिथे 2016 मध्ये 1.4 मेगावॅट सोलरबरोबर 6 मेगावॅट-तासांची बॅटरी बसवली. म्हणजे कवरत्तीपेक्षा सोलर थोडं कमी, पण बॅटरी चौपटीहून मोठी. तिथली साठवण एका दिवसाच्या सगळ्या उत्पादनापेक्षा जास्त आहे. म्हणून ते बेट डिझेलशिवाय रात्र काढू शकतं.

तिसरा मार्ग स्पेनच्या एल हिएरो बेटाने घेतला. तिथे डोंगर आहे, ज्वालामुखीचं जुनं विवर आहे. वारा जास्त असतो तेव्हा पवनचक्क्यांच्या विजेवर पाणी वरच्या तलावात चढवतात. वारा पडला की तेच पाणी खाली सोडून वीज काढतात. 2019 च्या उन्हाळ्यात हे बेट सलग तीन आठवड्यांहून अधिक काळ डिझेलशिवाय चाललं. पण लक्षद्वीपला डोंगर कुठला? ती बेटं समुद्रापासून एक-दोन मीटर उंच. म्हणून दुसऱ्या बेटाची योजना उचलून आणून चालत नाही. जमीन, वारा, ऊन, वस्ती पाहून प्रत्येक बेटाची चिठ्ठी वेगळी लिहावी लागते.

रमजान आणि पंचवीस वर्षांची योजना

वीजघराचे इंजिनिअर एक गोष्ट रोज पाहतात, कुठल्या तासाला किती वीज लागते. बहुतेक बेटांवर सर्वांत जास्त मागणी संध्याकाळी मगरिबनंतर येते, म्हणजे नेमका सूर्य गेल्यावर.

आता ज्या बेटावर जवळपास सगळी वस्ती मुस्लिम आहे, तिथे रमजानमध्ये काय होईल ते आपल्याला कुणी सांगायला नको. तरावीहसाठी मशिदीचे पंखे-दिवे उशिरापर्यंत चालू, सहेरीला पहाटे प्रत्येक घरात दिवा, मिक्सर, पाण्याचा पंप. दुपारी मात्र स्वयंपाकघर शांत. सोलर वीज देतं दुपारी आणि गरज वाढते रात्री. बॅटरी किती मोठी हवी, हे ठरवताना हा महिना सोडून चालणार नाही.

शिवाय रमजान एका ऋतूत थांबत नाही. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण 33 वर्षांत सगळं वर्ष फिरून येतो. 2014 साली तो जूनच्या शेवटी, भर पावसाळ्यात सुरू झाला होता. 2026 मध्ये तो फेब्रुवारीत, स्वच्छ उन्हाच्या दिवसांत आला. 2047 च्या आसपास तो पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर असेल. आज बसवलेली पॅनेलं 25 वर्षं चालणार असतील, तर त्यांच्या आयुष्यात असाही रमजान येणार, जेव्हा आकाश ढगाळलेलं, जहाजं बंद आणि रात्रीची मागणी जास्त. दूरचा विचार म्हणतात तो हाच. फेब्रुवारीचं ऊन पाहून आखलेली योजना जुलैच्या सहेरीला कमी पडते.

मालदीव: घोषणा सोपी, पैसा अवघड

लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर जी महल भाषा बोलतात, ती मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे. तेव्हा मालदीवचा अनुभव आपल्याला फार परका नाही. तिथे सुमारे 1,200 बेटं, त्यातल्या 200 च्या आत बेटांवर वस्ती, लोकसंख्या पाच लाखांच्या वर. देशभराची एक ग्रीड नाही, प्रत्येक बेटाची वीज वेगळी आणि बहुतेक डिझेलवर.

2009 मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी दहा वर्षांत देश कार्बनमुक्त करण्याची घोषणा केली. जगभर कौतुक झालं. पण 2020 उजाडलं तरी डिझेल सुटलं नव्हतं. 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू यांनी पाच वर्षांत 33 टक्के वीज अक्षय ऊर्जेतून घेण्याचं नवं उद्दिष्ट सांगितलं.

अडचण ऊन कमी असण्याची नव्हती. सोलरमध्ये सगळा खर्च पहिल्याच दिवशी करावा लागतो आणि वसुली वीस वर्षं चालते. बाहेरून पैसा लावणारी कंपनी विचारते, ‘वीस वर्षं तुम्ही माझं बिल भराल याची हमी काय? तुमच्या चलनाचे डॉलर करून मिळतील का?’ हमी नसली की कंपनी धोक्याची किंमत दरात घालते. मालदीवने जागतिक बँकेच्या मदतीने बिल थकलं तर काय आणि चलन बदलून मिळालं नाही तर काय, याची हमी आधीच बांधून दिली. परिणाम असा झाला की पहिल्या टप्प्यात युनिटला 21 सेंट पडलेला दर 2020 च्या 5 मेगावॅटच्या टेंडरमध्ये 10.9 सेंटवर आला आणि पुढच्या 11 मेगावॅटला 9.8 सेंटवर. काळाच्या ओघात पॅनेलं स्वस्त झाली हे खरं, पण भरवशाच्या कागदाचाही त्यात वाटा आहे. व्यवहारात अमानत पाळली जाते असं दिसलं, की माल स्वस्त मिळतो. हे आपल्या बाजारातही खरंच आहे.

मग समुद्राखालून केबलच का टाकू नये?

हा प्रश्न कुणीही विचारेल. जवळच्या बेटाला केबल योग्यच. मुंबईजवळच्या घारापुरीला, जिथे एलिफंटाची लेणी आहेत, फेब्रुवारी 2018 मध्ये साडेसात किलोमीटरच्या समुद्राखालच्या केबलने वीज पोहोचली. स्वातंत्र्यानंतर 70 वर्षांनी! तोवर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या तीन गावांची संध्याकाळ जनरेटरच्या काही तासांवर निघत होती.

पण एकाच केबलवर सगळं सोपवलं तर काय होतं, हे झांझिबारने पाहिलं. पूर्व आफ्रिकेच्या या मुस्लिमबहुल बेटाला वीज टांझानियाच्या किनाऱ्यावरून केबलने येते. डिसेंबर 2009 मध्ये ती जोडणी बिघडली आणि मुख्य बेट जवळजवळ तीन महिने अंधारात राहिलं. पाण्याचे पंप विजेवर, त्यामुळे नळही कोरडे. ज्यांना परवडलं त्यांनी जनरेटर लावले, बाकीच्यांनी हंडे उचलले. आणि असे दिवस आले की पाण्यासाठी फिरण्याचा भार घरातल्या बायका-मुलींवरच जास्त पडतो, हे आपणही जाणतो. 2013 मध्ये तिथे नवी, मोठी केबल आली. पण धडा कायम आहे: रस्ता एकच असेल, तर त्याला बेटावर काहीतरी आधार हवा.

योजनेत काय काय असलं पाहिजे

आमच्या समजुतीनुसार कुठल्याही बेटाच्या चांगल्या योजनेत या गोष्टींची उत्तरं असायला हवीत.

पहिली, बॅटरी बदलण्याचा पैसा. पॅनेल 25 वर्षं चालतं, पण बॅटरी साधारण 10 ते 15 वर्षं आणि इन्व्हर्टरही त्याच सुमारास थकतो. म्हणजे प्रकल्पाच्या मध्यावर मोठा खर्च ठरलेला आहे. तो आजपासून बाजूला काढला नाही, तर बाराव्या वर्षी पॅनेलं उन्हात उभी आणि गाव पुन्हा डिझेलवर.

दुसरी, जागा. जमिनीवर एक मेगावॅट सोलरला साधारण चार-पाच एकर लागतात. कवरत्तीचं क्षेत्रफळच चार चौरस किलोमीटरच्या आसपास. नारळ तोडून पॅनेल लावायची का? म्हणून शाळा, कार्यालयं, मशिदी, घरं यांची छपरं आधी. समुद्राच्या उथळ खाजणात तरंगती पॅनेलं लावताही येतील, पण प्रवाळावर सावली पडली तर मासळीवर परिणाम होईल. तो निर्णय मच्छीमारांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तिसरी, खारी हवा. नट, फ्रेम, जोडण्या सगळ्यांना गंज लागतो. स्वस्त माल बेटावर सर्वांत महाग पडतो.

चौथी, दुरुस्त करणारी माणसं. प्रत्येक बिघाडाला मुख्य भूमीवरून माणूस यायचा म्हटलं तर पावसाळ्यात काय? बेटावरच्या मुलामुलींना हे काम शिकवणं हा खर्च नाही, योजनेचाच भाग आहे.

पाचवी, पाणी. वीज आणि पाणी बेटावर वेगळे करता येत नाहीत. कवरत्तीवर 2005 पासून समुद्राच्या वरच्या कोमट आणि खोलवरच्या गार पाण्यातल्या फरकाचा उपयोग करून दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी काढणारं केंद्र आहे. असे पंप दुपारी, ऊन भरपूर असताना चालवले आणि पाणी टाकीत भरून ठेवलं, तर ती टाकीसुद्धा एक प्रकारची बॅटरीच झाली. बर्फाचंही तसंच. विजेची बॅटरी महाग, पाण्याची टाकी स्वस्त.

आणि सहावी, बचत. जी वीज लागतच नाही, तिला पॅनेलही नको आणि बॅटरीही नको. इस्राफ टाळा, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो, वाहत्या पाण्यावर वजू करतानासुद्धा. जुना पंखा आणि जुना फ्रीज बदलणं हे नवं पॅनेल लावण्याइतकंच मोलाचं काम आहे.

आपलं गाव बेट होतं तेव्हा

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा, पलीकडे मंडणगड, दापोली. खांब आडवे झाले, टॉवर बंद, आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. मुंबईतल्या आणि आखातातल्या मुलांना घरच्यांचा फोन लागत नव्हता. नकाशात आपण मुख्य भूमीवरच होतो, पण त्या दिवसांत प्रत्येक मोहल्ला एक बेट झाला होता.

म्हणून एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो, कारण अनेकांचा यात गैरसमज होतो. छतावर साधं ग्रीडला जोडलेलं सोलर असेल, तर लाईट गेल्यावर तेही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. ही खराबी नाही. तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनला तुमच्या घरातून गेलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून तसं केलेलं असतं. लाईट नसताना वीज हवी असेल, तर बॅटरी आणि त्यासाठीचा हायब्रीड इन्व्हर्टर लागतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती जोडणीला 3 किलोवॅटसाठी 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पण बसवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: ‘लाईट गेल्यावर हे चालेल का?’

प्रत्येक घराला बॅटरी परवडणार नाही. मग जमातीने मिळून एक ठिकाण का तयार करू नये? मशीद किंवा मदरसा. हिशोब करून पाहू. दहा एलईडी दिवे सहा तास म्हणजे 0.6 युनिट. चार पंखे पाच तास, 1 युनिट. अजानचा ॲम्प्लिफायर, 0.1. एक हॉर्सपॉवरचा पंप तासभर, 0.75. पन्नास मोबाईल चार्ज करायला आणखी 0.75. सगळे मिळून सव्वातीन युनिटच्या आत. म्हणजे 5 युनिटची बॅटरी आणि 2-3 किलोवॅट पॅनेल असेल, तर वादळानंतर पाणी, उजेड आणि फोन या तिन्ही गोष्टी मोहल्ल्यात चालू राहतील, मुस्लिम-हिंदू सगळ्या शेजाऱ्यांसाठी. त्या बॅटरीवर एसी मात्र लावू नका, तीन-चार तासांत ती रिकामी होईल.

आणि हो, चंदा गोळा करताना बॅटरी बदलण्याचं खातं पहिल्या दिवशीच उघडा. दरमहा थोडी रक्कम बाजूला पडू द्या. सदका-ए-जारिया चालू राहायचा असेल, तर त्याची देखभालही चालू राहिली पाहिजे.

हजरत युसूफ (अलैहिस्सलाम) यांचा किस्सा आपण मुलांना सांगतो. सात वर्षं सुबत्तेची, मग सात वर्षं दुष्काळाची, आणि मधला उपाय काय, तर पीक कणसातच राखून ठेवायचं आणि गरजेपुरतंच खायचं. पीक किती येणार, टंचाई किती काळ राहणार, साठा कसा टिकवायचा आणि कसा वाटायचा, हे चारही प्रश्न त्यात आहेत. बेटांवरच्या विजेचेही प्रश्न हेच चार आहेत. कवरत्तीवर त्यांची उत्तरं शोधायला सुरुवात झाली आहे. पुढचं वादळ यायच्या आत आपल्या मोहल्ल्यातही त्यावर एकदा बसून बोलू या, येत्या जुम्याच्या नमाजनंतर बोललं तरी चालेल.